बेस गिटारच्या तारा सरकलेल्या दिसतात, टेन्शन घ्यायचं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या ओळखीत बेस वाजवणारे मोजकेच, पण त्यातल्या निम्म्या लोकांनी मला कधी ना कधी रात्री अकरा वाजता फोटो पाठवलाय. पिकअपचा (तारांखालचा, त्यांचा आवाज पकडणारा भाग) क्लोजअप, तार त्याच्या पोलवर (पिकअपवरच्या छोट्या गोल चुंबकावर) नाही म्हणून तिच्याभोवती लाल गोल काढलेला आणि खाली "दादा, हे नॉर्मल आहे का?" प्रत्येकाला वेगळं टाइप करून कंटाळलो म्हणून सगळं एकदाच लिहून काढतोय. मी कारागीर नाही, पुण्यात ऑर्केस्ट्रात आणि दोन बँडमध्ये बेस वाजवतो आणि स्वतःचे बेस स्वतः उघडतो, त्यात एक वाटही लावलीय, ती गोष्ट पुढे येईलच.

एका वाक्यात सांगा, प्रॉब्लेम आहे का नाही?

वाजवताना तार फ्रेटबोर्डच्या (नेकवरच्या म्हणजे मानेवरच्या, बोटं दाबायच्या पट्टीच्या) कडेवरून खाली घसरत नसेल आणि चारही तारांचा आवाज साधारण सारखा येत असेल तर नाही.

पण माझ्या बेसमध्ये सरकलेलं स्पष्ट दिसतंय की!

दिसतं त्यातलं बरंचसं डोळ्याचं काम असतं. बेस गळ्यात अडकवून वरून खाली बघता तेव्हा तुमची नजर तिरकी असते, आणि तार पोलच्या चारपाच मिलिमीटर वर असते. समजा तार ५ मिमी वर आहे आणि तुम्ही ३० अंशाच्या कोनातून बघताय, तर ती जागेवर असूनही जवळजवळ ३ मिमी सरकलेली दिसणार. मोबाइलच्या फोटोत तर अजून गंमत, कारण कॅमेरा एका तारेच्या डोक्यावर असतो आणि बाकी तिन्ही तिरक्या दिसतात.

बघायची बरोबर पद्धत सांगतो. बेस टेबलावर आडवा ठेवा, एक डोळा बंद करा. पिकगार्ड (ओरखडे पडू नयेत म्हणून बॉडीवर लावलेली प्लेट) चकचकीत असेल, काळं असलं तर उत्तमच, तर त्यात तारेचं प्रतिबिंब दिसतं. तार आणि तिचं प्रतिबिंब एकावर एक येऊन एकच रेघ दिसली की तुमचा डोळा बरोब्बर तारेच्या वर आहे. तिथून डोकं न हलवता डोळा फक्त तारेच्या रेषेत पिकअपकडे न्या आणि तार पोलच्या कुठे आहे ते बघा. पिकगार्ड नसेल तर आरशाचा छोटा तुकडा तारेखाली सरकवा. मला आलेल्या फोटोंपैकी किती केसेस इथेच मिटल्या ते विचारू नका.

ठीक आहे, आरशाने बघितलं, तरी तार पोलच्या बरोबर वर नाहीये. आवाज कमी येणार ना?

आधी हे सांगा की तुमच्या बेसवर एका तारेला पोल किती? फेंडर कंपनीचा प्रिसिजन किंवा जॅझ बेस असेल, किंवा त्यांची कॉपी (आणि आपल्याकडे दहातले आठ तेच असतात), तर एका तारेला दोन पोल असतात आणि तार त्या दोघांच्या मधून जाणं हेच अपेक्षित आहे. "तार पोलवर नाही" म्हणून घाबरून फोन करणाऱ्यांमध्ये हे माहीत नसलेले पण असतात. १९५१ ला पहिला प्रिसिजन बेस आला तेव्हा त्याच्या पिकअपला एका तारेखाली एकच पोल होता. १९५७ ला दोन तुकड्यांचा पिकअप आला आणि तेव्हापासून तारेच्या दोन्ही बाजूंना एकेक पोल. १९६० ला आलेल्या जॅझ बेसलाही तेच ठेवलं.

आता तार मधोमध नसून एका पोलकडे सरकलीय, मग? पोल म्हणजे लोहचुंबक. त्याच्यामुळे वरच्या तारेचा तेवढा भाग चुंबक बनतो, तार हलली की कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र हलतं आणि त्यातून सिग्नल निघतो. हे क्षेत्र लेझरच्या किरणासारखं बारीक नसतं, धुरासारखं पसरलेलं असतं. त्यात दोन पोल असले की तार एकापासून लांब जाताना दुसऱ्याच्या जवळ जाते, म्हणजे मिलिमीटर दीड मिलिमीटरने फारसं काही हलत नाही. शिवाय ई तार (चार तारांची नावं जाड ते बारीक अशी: ई, ए, डी, जी) जोरात वाजवून पिकअपच्या वर बघा, ती स्वतःच कितीतरी रुंद झोका घेत असते. जी गोष्ट एका जागी थांबतच नाही तिची जागा अर्ध्या मिलिमीटरसाठी काय मोजायची राव.

पटत नसेल तर घरी करून बघण्यासारखा प्रयोग आहे. 'जी' नावाची तार बाराव्या फ्रेटला (फ्रेट म्हणजे बोर्डवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) दाबून वाजवा आणि आवाज चालू असताना तार बाजूला ओढा, सहाएक मिलिमीटर, म्हणजे चांगला बेंड. प्रिसिजनचा पिकअप ब्रिजपासून (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग) साधारण दीडशे मिलिमीटरवर असतो, तिथे तार दोनेक मिलिमीटर सरकते. सूर वर जाईल, आवाज जाईल का? कान देऊन ऐका. तुमच्या तारेची 'चूक' बहुतेक यापेक्षा कमीच असते.

मग पोलचा कधीच फरक पडत नाही?

पडतो, पण अगदी थोड्या बाबतीत. एका तारेला एकच बारीक पोल असलेले जुन्या धर्तीचे सिंगल कॉइल (एकाच कॉइलचे) पिकअप, म्हणजे १९५१ चा पॅटर्न किंवा १९६८ चा टेलिकास्टर बेस आणि त्यांच्या कॉपी, तिथे तार पोलवरून पूर्ण उतरली तर ती तार बाकीच्यांपेक्षा जरा दबलेली वाटू शकते. स्टिंगरेसारख्या बेसला (तो १९७६ पासूनचा) पोल चांगले जाड आणि दोन ओळींत असतात, तिथे परत निवांत.

माझ्या पिकअपला पोलच दिसत नाहीत, नुसती काळी डबी आहे.

मग हा प्रश्न तुमचा नाहीच. बऱ्याच सोपबारच्या (साबणाच्या वडीसारख्या बंद पिकअपच्या) आत आडवी पट्टी असते, ईएमजी कंपनीच्या बऱ्याच बेस पिकअपमध्येही तसंच, त्यामुळे तार कुठूनही गेली तरी खाली चुंबक आहेच. फक्त कडेची तार पिकअपच्या टोकाच्या बाहेर जात नाही ना एवढं बघा.

चारही तारांचा आवाज सारखा आहे की नाही हे कसं ठरवू? मला तर जी तार बारीकच वाटते.

जी तार सगळ्यांनाच बारीक वाटते, ती आहेच बारीक! आधी अ‍ॅम्पचे बेस, मिड, ट्रेबल मधोमध आणा, कॉम्प्रेसर असेल तर बंद करा. मग मोबाइलमध्ये किंवा लॅपटॉपवर रेकॉर्ड करा, प्रत्येक तार पाचव्या फ्रेटला, दहा दहा वेळा, आणि बोटाने नाही तर पिकने वाजवा, कारण आपली बोटं चार तारांवर चार प्रकारचा जोर लावतात आणि दोष मात्र बिचाऱ्या पिकअपला. दहा वेळा वाजवलं की आपोआप एक अंदाज येतो, एकदा वाजवून ठरवू नका.

त्यातही एखादी तार खरंच दबलेली निघाली तर तार सरकवायच्या आधी पिकअपची उंची बघा. शेवटच्या फ्रेटला तार दाबून धरायची आणि पोलच्या डोक्यापासून तारेच्या खालच्या बाजूपर्यंत मोजायचं, साधारण अडीच ते साडेतीन मिमी, ई कडे जास्त आणि जी कडे कमी. प्रिसिजनचे दोन तुकडे वेगवेगळे वरखाली होतात, जॅझचा पिकअप एका बाजूने उचलता येतो. दोन स्क्रू, दोन मिनिटं. फार वर आणू नका, चुंबक तारेला खेचायला लागला की आवाज लाटा मारतो आणि ट्यूनर वेड्यासारखा नाचतो.

तार तिरकी गेली म्हणजे लांबी वाढली, मग सूर बिघडणार ना? इन्टोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर येणं)?

गणित करू, फार सोपं आहे. साधारण बेसचा स्केल ३४ इंच, म्हणजे ८६४ मिमी. तार ब्रिजपाशी चांगली २ मिमी बाजूला आहे असं धरा. पायथागोरस लावला तर लांबी वाढते ०.००२३ मिमी. सेंटमध्ये सांगायचं तर एका सेंटच्या दोनशेव्या भागाच्या आसपास. एका सेमीटोनचे १०० सेंट, आणि चांगला कानसुद्धा दोनचार सेंटच्या खाली गप्प बसतो. म्हणजे सूर बिघडलाच असेल तर कारण सॅडल (ब्रिजवरचा, तार टेकायचा छोटा तुकडा) पुढेमागे आहे, तारा जुन्या झाल्यात किंवा अ‍ॅक्शन (तारेची बोर्डपासूनची उंची) उंच आहे, तार तिरकी असणं नाही.

अ‍ॅक्शनवर परिणाम?

थोडासा, आणि हे कुणी सांगत नाही. फ्रेटबोर्ड सपाट नसतो, त्याला गोलाई असते, साडेनऊ इंच वगैरे. सगळ्या तारा १ मिमी एका बाजूला सरकल्या तर त्या बाजूच्या कडेच्या तारेखाली बोर्ड जरा जास्त खाली जातो आणि दुसऱ्या कडेला जरा वर येतो, साधारण ०.१ मिमीचा हिशेब. सॅडलचा बारीक स्क्रू जरासा फिरवला की झालं.

मग काळजी नक्की कशाची करायची?

कडेची. जी तार (किंवा ई) फ्रेटबोर्डच्या कडेच्या इतकी जवळ असेल की व्हायब्राटो घेताना (तार हलवून सूर थरथरवताना) किंवा पुल-ऑफ करताना (बोट तारेवरून ओढून काढताना) तार फ्रेटच्या टोकावरून खाली सटकते, तर तो खरा प्रॉब्लेम, कारण तो बोटाला कळतो. फ्रेटची टोकं उतरती घासलेली असतात, त्यामुळे बोर्ड दिसतो तेवढा सगळा वापरता येत नाही, शेवटचा मिलिमीटरभर फुकट गेला म्हणून समजा.

मोजायला साधी प्लास्टिकची पट्टी चालते, व्हर्निअर असेल तर छानच. पहिला फ्रेट, बारावा, आणि शेवटचा. तीन ठिकाणी ई तारेपासून वरची कड आणि जी तारेपासून खालची कड. दोन्हीकडे ३ ते ४ मिमी आलं तर झोपा. एकीकडे ४ आणि एकीकडे ३, तरी झोपा. एकीकडे दोनच्या खाली गेलं आणि वाजवताना सटकतंय, तर पुढचं वाचा. सटकत नसेल तर दोनच्या खाली गेलं तरी मी हात लावणार नाही, हे माझं मत, काही लोकांना पटत नाही.

हो, आणि जी कडेची जागा ई कडच्यापेक्षा महत्त्वाची. आपण जी तार कडेकडे ओढतो, ई तार सहसा आत ढकलतो. त्यामुळे तारा किंचित ई च्या बाजूला सरकलेल्या असतील तर ते उलट बरंच आहे.

एवढा महाग बेस, फॅक्टरीत बघत नाहीत का?

बघतात, पण लाकूड आहे ते. बोल्ट-ऑन बेसमध्ये नेक बॉडीच्या खाचेत, म्हणजे नेक पॉकेटमध्ये बसवून चार स्क्रूंनी आवळलेला असतो. हे पॉकेट साधारण ७५ मिमी लांब. नेक आत-बाहेर करता यावा आणि रंग तडकू नये म्हणून थोडी फट ठेवावीच लागते. आता बघा, त्या फटीत नेक फक्त ०.४ मिमी तिरका बसला, म्हणजे व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढा, तर नटपाशी (नेकच्या दुसऱ्या टोकाला तारांच्या खाचा असलेली पट्टी) तेच ३ मिमी होतं आणि तारा शेवटच्या फ्रेटवर जवळजवळ १ मिमी सरकतात. कार्डाएवढ्या फटीचा हा खेळ.

आणि वर तारांचा ताण आहेच. नेहमीच्या चार तारांचा मिळून पाऊणशे किलोच्या आसपास ओढा असतो, म्हणजे एक अख्खा माणूस चोवीस तास हेडस्टॉकला (नेकच्या खुंट्यांच्या टोकाला) लटकलाय. त्यात बेस टेम्पोत स्पीकरच्या खाली झोपवून सातारा-पुणे आणला की सकाळी तारा जिथे होत्या तिथे नसतात. माझा एकदा गणपतीत असाच सरकला होता, विसर्जनाच्या आदल्या रात्री, स्टेजच्या मागे पाच मिनिटांत सरळ केला.

पाच मिनिटांत कसा? तेच तर पाहिजे!

सांगतो, पण आधी तुमचा नेक स्क्रूंनी बसवलेला आहे ना ते मागे बघून खात्री करा. चार स्क्रू आणि पत्रा दिसला की बोल्ट-ऑन.

तारा सुरात असू द्या, नाहीतर एक सूर खाली उतरवा, पूर्ण ढिल्या करू नका. बेस मांडीवर आडवा. बरोबर मापाचा हाताचा स्क्रूड्रायव्हर घ्या, मशीन नको, झिजलेला नको, त्याचं टोक स्क्रूच्या डोक्यात घट्ट बसलं पाहिजे. चारही स्क्रू पाव ते अर्धा वळसा ढिले करायचे, बास. कधी कधी ढिले करतानाच 'टक्' असा बारीक आवाज येतो आणि नेक आपोआप जागेवर येतो, तो आवाज ऐकला की जे समाधान मिळतं ना, ते वेगळंच.

आला नाही तर एक हात बॉडीवर, एक हात हेडस्टॉकवर, आणि हळू दाब द्या. कुठल्या दिशेने, इथे सगळे चुकतात. जी कुठली तार कडेला गेलीय तिच्या उलट बाजूला हेडस्टॉक न्यायचा. 'जी' तार खालच्या कडेला चिकटलीय, तर हेडस्टॉक वर, म्हणजे बेस गळ्यात असताना छताकडे. ई तार कडेला गेली असेल तर जमिनीकडे. डोक्यात उलटं वाटतं, कारण वाटतं की तार वर आणायची तर नेक खाली ढकलू. पण ब्रिज जागेवरच आहे, नट वर गेला की तारा त्याच्यासोबत वर जातात आणि नेकचं टोक पॉकेटमध्ये जवळपास तिथेच राहतं. एकदा करून बघितलं की पटतं.

दाब तसाच धरून स्क्रू आवळा. एकच स्क्रू शेवटपर्यंत नाही, कोपऱ्याला कोपरा, गाडीचं चाक बसवताना नट आवळतात तसं. घट्ट, पण जीव खाऊन नाही, लाकडातली आटी गेली की मग खरंच कारागिराकडे जावं लागतं. मग परत ट्यून करा आणि पट्टी घेऊन मोजा. पहिल्यांदा जमलं नाही तर दुसऱ्यांदा जमतं.

पॉकेट इतकं फिट असेल की नेक हलतच नाही, तर जबरदस्ती करू नका. रंगाला चीर जाते तिथे, आणि ती चीर रोज दिसते.

माझा नेक स्क्रूचा नाहीये.

रिकनबॅकर ४००३ सारखा नेक-थ्रू (बॉडीतून आरपार गेलेला नेक) किंवा गिब्सनच्या बऱ्याच बेससारखा चिकटवलेला नेक असेल तर नेक हलणार नाही, तिथे नट किंवा ब्रिजवरच काय ते. हॉफनर ५००/१, तो व्हायोलिनच्या आकाराचा, त्याची मात्र मजा आहे. त्याचा लाकडी ब्रिज कशालाच चिकटवलेला नसतो, तारांच्या दाबानेच उभा असतो. तारा जरा ढिल्या करून हाताने ढकला की सरकला. फक्त पुढेमागे होऊ देऊ नका, नाहीतर इन्टोनेशन परत लावत बसाल.

ब्रिजच काढून दीड मिमी सरकवला तर?

नको. आता ती गोष्ट.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एक जुना जॅझ कॉपी घेतला होता, विकणाऱ्याने "किरकोळ अलाइनमेंट" म्हणून पाचशे कमी केले होते. जी तार कडेला. मी ठरवलं की ब्रिज चुकीचा बसवलाय. मोजमाप न करता. पाच स्क्रू काढले, जुन्या भोकांत टूथपिक आणि फेव्हिकॉल भरला, दुसऱ्या दिवशी नवीन भोकं मारायला गेलो. नवं भोक जुन्या भोकाच्या इतकं जवळ की ड्रिलचं टोक कडक लाकडावरून घसरून थेट टूथपिकच्या मऊ भागात शिरलं. पाचातली दोन भोकं तशी गेली. ब्रिज सरकला तर नाहीच, तिरका झाला. त्यातून ब्रिजच्या खाली एक अर्थची वायर असते ती लाकडात दाबून बसवलेली असते, ती तुटली, आणि मग अ‍ॅम्प लावला की घुंऽऽऽ. तारेला हात लावला तरी घुंऽऽऽ थांबेना, तेव्हा कळलं काय केलंय ते.

शेवटी एका जाणत्या माणसाकडे घेऊन गेलो. त्याने बेस हातात घेतला, एक डोळा मिटून नटाकडून ब्रिजकडे बघितलं आणि म्हणाला, "नेक तिरका होता रे, ब्रिजला का मारलंस?" तो बेस अजून माझ्याकडे आहे. ब्रिजच्या एका बाजूला बुजवलेल्या भोकाची कड दिसते.

त्यामुळे क्रम असा लक्षात ठेवा: आधी नेक, मग सॅडल, मग नट, आणि ब्रिज अगदी शेवटी, तेही दुसऱ्याच्या हातून.

सॅडलवर काय करता येतं?

जुन्या पद्धतीच्या वाकवलेल्या पत्र्याच्या ब्रिजवर काही सॅडलना बोल्टसारखे आटे असतात, तार कुठल्याही आट्यात बसवता येते. तार जरा ढिली करा, उचला, शेजारच्या आट्यात ठेवा, संपलं. बऱ्याच वेळा तार बदलताना आपणच तिला चुकीच्या आट्यात बसवलेलं असतं आणि मग "काल बरोबर होतं, आज सरकली" म्हणून घाबरतो. शालरचा ३डी-४ ब्रिज असेल तर त्याच्या प्रत्येक सॅडलवर छोटा रोलर असतो, तो फिरवून तार डावी-उजवी करता येते. वॉरविकच्या ब्रिजवरही तारांमधलं अंतर बदलायची सोय असते.

सॅडलची उंची ठरवणारे दोन बारीक स्क्रू असतात, एक जास्त आणि एक कमी फिरवला की सॅडल झुकतं आणि तार घसरते, ते पण बघा.

नटच्या खाचांमध्ये अंतर सारखं नाहीये, ई आणि ए लांब वाटतात. चुकीचा कापलाय का?

मोजून बघा, पण खाचांच्या मध्यापासून मध्याचं अंतर नाही, तारांच्या कडांमधली मोकळी जागा मोजा. बरेच नट मुद्दाम असे कापतात की दोन तारांमधली फट सारखी यावी. ई जाड, जी बारीक, त्यामुळे फट सारखी ठेवली की मध्यापासून मध्याचं अंतर वेगवेगळं येणारच. बोटाला फट कळते, मध्य कळत नाही, म्हणून तसं.

खरंच चुकीचा कापला असेल तर नट बदलणं हे छोटं आणि स्वस्त काम आहे, पण घरी कानसीने करू नका, खाच एकदा खोल गेली की मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खडखडते.

हेडस्टॉककडे तारा वाकड्या जातात.

नटच्या पलीकडे तारांनी काहीही करावं. ट्यून करताना 'टिंक' असा आवाज येत असेल तर तार खाचेत अडकतेय, खाचेत पेन्सिलचं शिसं घासा.

पिकअप बदलले आणि तारा सरकल्या!

जॅझ बेस ना? त्याचे दोन पिकअप एकसारखे नसतात, ब्रिजकडचा नेककडच्यापेक्षा साधारण ३ मिमी लांब असतो, कारण ब्रिजकडे तारा जास्त पसरलेल्या असतात. दोन सारखेच घेतले, किंवा एकाच्या जागी दुसरा कोंबला, की पोल आणि तारा जुळत नाहीत. विकत घेताना नेकचा की ब्रिजचा हे विचारूनच घ्या. आधीच बसवून झालं असेल आणि आवाज बरा येतोय तर राहू द्या.

पाच तारांचा बेस आहे.

सगळं वरचंच, फक्त कडेला जागा अजून कमी. आणि ब्रिज बदलायचा असेल तर तारांमधलं अंतर नक्की बघा, १६.५ पासून १९ मिमी पर्यंत सगळं मिळतं, १९ वाला ब्रिज अरुंद नेकवर लावला तर बी आणि जी दोन्ही कडेला जाऊन बसतील. ते मग खरंच सटकतं.

पावसाळ्यात तारा सरकतात का? कोकणातल्या घरी ठेवला होता.

बाजूला सरकत नाहीत. दमट हवेने नेक पुढेमागे वाकतो, अ‍ॅक्शन बदलते, तारा उंच होतात किंवा खडखडतात, तो ट्रस रॉडचा (नेकच्या आतल्या, त्याचा वाक सांभाळणाऱ्या सळीचा) विषय. तारा बाजूला गेल्यात म्हणजे कुठेतरी धक्का बसलाय किंवा स्क्रू ढिले आहेत. घरात लहान मूल आहे का ते विचारणार होतो.

नवीन बेस आला आणि असाच निघाला, परत पाठवू का?

दुकानात घेताय तर तिथेच जी तार पंधराव्या फ्रेटला धरून जोरात व्हायब्राटो घ्या. सटकली तर तिथल्याच माणसाला नेक सरळ करायला सांगा, त्यांना येतं. ऑनलाइन मागवलाय आणि बोल्ट-ऑन आहे, तर परत करायच्या भानगडीआधी स्वतः एकदा नेक हलवून बघा, बऱ्याचदा कुरिअरचाच पराक्रम असतो. मात्र नेक हलवूनही सटकतंय, किंवा चिकटवलेला नेक आहे आणि तिरका आहे, तर बिनधास्त परत.

जुना घेताना मात्र हीच गोष्ट तुमच्या फायद्याची. विकणाऱ्याला वाटतं मोठा दोष आहे, तुम्हाला माहितीये स्क्रूड्रायव्हरचं काम आहे. भाव करा. ब्रिजच्या आजूबाजूला बुजवलेली भोकं तेवढी बघून घ्या, कुणीतरी माझ्यासारखा आधी येऊन गेलेला असू शकतो.

कारागिराकडे नेला तर काय सांगू?

"तार पोलवर नाही" असं सांगू नका, तो मनातल्या मनात हसेल. "जी तार बाराव्याच्या पुढे कडेवरून सटकते" किंवा "ए तार बाकीच्यांपेक्षा दबलेली येते" असं सांगा. त्याच्यासमोर वाजवून दाखवा. वाजवताना दाखवता येत नसेल तर तसाच घरी घेऊन या.

सगळं कळलं, आवाज छान आहे, सटकत पण नाही, पण मला ते दिसतं आणि सहन होत नाही हो.

हा प्रामाणिक प्रश्न आहे, आणि याच्यावर उपाय सुरुवातीपासून होता. सुरुवातीच्या वर्षांत प्रिसिजन आणि जॅझ बेस कंपनीतून यायचे तेच ब्रिजवर आणि पिकअपवर चकचकीत क्रोमची झाकणं लावून. खाली तार कुठून जाते हे कुणाला दिसतच नसे. पुढे वाजवणाऱ्यांनी हाताला अडतात म्हणून ती काढून टाकली आणि मग सगळ्यांना पोल दिसायला लागले. ती झाकणं आजही मिळतात, दोनचार स्क्रूचं काम. माझ्या त्या भोकं पाडलेल्या जॅझवर ब्रिजचं झाकण लावलंय, लोक विचारतात विंटेज आहे का म्हणून. खाली जी तार अजून दीड मिलिमीटर बाजूलाच आहे.